सहा सेकंदांचं मोहफूल

चैत्राच्या सुमारास चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मोहाची पानं झडून गेलेली असतात आणि उघड्या फांद्यांना फुलं लागतात. रात्रभर टपटपलेली ती जाड, पिवळसर फुलं वेचायला बाया उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली पोचतात. माझ्या पहिल्या ॲनिमेशनसाठी मी हेच घेतलं. एक फूल पडतं, बाई ते वेचते, दुसऱ्याकडे हात नेते, काहीतरी ऐकते आणि मान वर करते. सगळं सहा सेकंदांत. टायमिंग म्हणजे काय ते मला या सहा सेकंदांत कळलं, म्हणून ते फ्रेम मोजत सांगतो.

सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात, आपल्या टीव्हीच्या सेकंदात २५. मी २४ धरले, म्हणजे सहा सेकंदांचे १४४. प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवायचं, याला ॲनिमेशनवाले ‘टूजवर काम करणं’ म्हणतात. त्या हिशेबाने ७२ चित्रं झाली. प्रत्यक्षात त्याहून कमी लागतात, कारण पात्र थांबलं की एकच चित्र धरून ठेवता येतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून पडद्यावर आणली आणि १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचवल्या. दोन फ्रेमांच्या मध्ये कॅमेऱ्यामागे किती वेळ गेला, हे प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. त्याच्यापुढे येतात त्या फक्त फ्रेमा.

आधी फूल. पाच मीटर उंचीच्या फांदीवरून सुटलेली वस्तू जमिनीवर यायला साधारण एक सेकंद घेते (हिशेबाने ४.९ मीटर), म्हणजे २४ फ्रेम. मोहफूल रसदार आणि भरीव असल्यामुळे हवेचा अडथळा इथे सोडून दिला तरी चालतो. मी चित्रांमध्ये सारखं अंतर ठेवलं, आणि पडद्यावर फूल दोरीने खाली सोडल्यासारखं उतरलं. फ्रेमांची संख्या बरोबर होती, चित्रांमधलं अंतर चुकलं होतं. पडणारी वस्तू सारख्या काळात १, ३, ५, ७ अशा विषम पटींनी अंतर कापत जाते. म्हणून फांदीपासून जमिनीपर्यंत उभी रेघ ओढा, तिचे ३६ भाग करा आणि १, ४, ९, १६, २५, ३६ वर खुणा करा. दर चार फ्रेमांनी फूल पुढच्या खुणेवर हवं. पहिल्या चार फ्रेमांत ते जेमतेम १४ सेंटिमीटर सरकतं, शेवटच्या चारांत दीड मीटर. एवढं केलं की फुलाला वजन येतं. वाळलेल्या पानाला हा हिशेब लावू नका. पान हवेवर झोके घेत येतं, त्याचा वेग वाढत जात नाही.

जमिनीवर फूल थोडं चेपलं जातं आणि किंचित उडतं. दोन फ्रेम वर, दोन फ्रेम खाली, म्हणजे उडी जेमतेम ३ सेंटिमीटरची. मग चार फ्रेमांत स्थिर. आतापर्यंत झाले ३२.

बाईच्या हातासाठी मी मावशीला अंगणात बसवून मोबाइलवर चित्रण केलं. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेम टिपतो, म्हणून मोजलेल्या आकड्याला चार पंचमांशाने गुणायचं. तिचा हात फुलापर्यंत २० फ्रेमांत पोचला, माझ्यासाठी ते १६. हात सरळ रेषेत जात नाही, कोपरापासून कमानीत जातो. निघताना आणि पोचताना तो हळू असतो, तेव्हा दोन्ही टोकांना चित्रं दाट आणि मध्ये विरळ हवीत. चिमटीत धरायला १२, टोपलीत टाकायला १६, पुढच्या फुलाकडे जायला १४. एकूण ९०.

खरं काम इथून पुढे. मोहाच्या दिवसांत वाघाचे हल्ले होतात. वाकलेला माणूस जनावराला चौपायी सावजासारखा भासतो, असं सांगतात. गटाने जा, अंधारात जाऊ नका, हे वनखातं दरवर्षी बजावतं. त्यामुळे वाकलेल्या बाईचं मान वर करणं ही आमच्याकडे साधी हालचाल नाही. मी तीच चार चित्रं वेगवेगळ्या फ्रेमांत बसवून पाहिली. २४ फ्रेमांत मान उठली तर वाटतं पाठ भरून आली. १२ फ्रेमांत उठली तर कोणीतरी हाक मारली. ६ फ्रेमांत उठली तर तिने काहीतरी ऐकलं. चित्रांतली एक रेघही बदलली नव्हती.

तरीही सहा फ्रेमांची बाई कळसूत्री बाहुलीसारखी दिसत होती. मावशीने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, “आधी हात थांबते रे, मंग डोळे, मंग मान.” मी तिन्ही हालचाली एकाच फ्रेमवर सुरू केल्या होत्या. मग बोटं फुलापाशी ८ फ्रेम थांबवली. त्यानंतर ४ फ्रेमांत बुबुळं बाजूला गेली, आणि मग ६ फ्रेमांत मान. ९८, १०२, १०८. बोटं थांबली की प्रेक्षकाला कळतं की तिच्या कानावर काहीतरी आलं, आणि मान उठेपर्यंत तोही कान देऊन बसलेला असतो.

उरले ३६ फ्रेम, दीड सेकंद. यात ती फक्त बघते. सुरुवातीला मी अर्ध्या सेकंदाचाच थांबा दिला होता. तेव्हा तिने पाहिलं, काही नव्हतं, विषय संपला, असं झालं. दीड सेकंदाने तिचं बघणं पूर्ण होतं. मात्र एकच चित्र इतका वेळ धरलं तर पडदा गोठल्यासारखा वाटतो. श्वासाची तीन चित्रं आलटून पालटून ठेवली, खांदा रेघभर वर, रेघभर खाली. पापणी एकदाच, दोन फ्रेम मिटताना, दोन मिटलेली, तीन उघडताना. वाघ दाखवला नाही आणि गवतही हलवलं नाही.

शेवटच्या १२ फ्रेमांत तिच्या मागे आणखी एक फूल फांदीवरून सुटतं. बारा फ्रेमांत ते ३६ पैकी ९ भाग खाली येतं, सव्वा मीटरच्या आसपास, आणि १४४ वी फ्रेम संपते.