माणसं न दाबता फोटो अरुंद करताना

किनाऱ्यावरचा आडवा फोटो आहे. डावीकडे आजोबा उभे, उजवीकडे दोन नातवंडं किल्ला करतायत आणि मधे नुसती वाळू. फ्रेम मात्र चौकोनी घेतली आहे. फोटो कापायला जावं तर आजोबा तरी जातात नाहीतर नातवंडं. दाबून बसवावा, तर तिघंही उंचाडे आणि किडकिडीत दिसतात. मधली वाळू थोडी कमी झाली असती, तर कोणाचीच तक्रार नव्हती.

नेमकं तेवढंच काम करणारी एक पद्धत आहे: सीम कार्व्हिंग. शाय अविदान आणि एरियल शमीर यांनी ती 2007 च्या सिग्राफ परिषदेत मांडली आणि पुढच्याच वर्षी ती फोटोशॉप सीएस 4 मध्ये 'कन्टेन्ट-अवेअर स्केल' या नावाने आली. मोफत हवी असेल तर गिंपसाठी कार्लो बाल्दासी यांचं 'लिक्विड रिस्केल' हे प्लगइन, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला वेगळं जोडायचं छोटं साधन आहे. डिजिकॅमच्या एडिटरमध्ये तर ही सोय आतच असते.

बटण दाबण्याआधी आत काय घडतं ते पाहू, कारण पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच येतात.

फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची, पिक्सेलांची जाळी. प्रत्येक पिक्सेलचा रंग शेजाऱ्यांपेक्षा किती वेगळा आहे, हे सॉफ्टवेअर आधी मोजतं. या फरकाला ऊर्जा म्हणतात. सपाट वाळूत ती कमी भरते. आजोबांचा पांढरा सदरा जिथे निळ्या पाण्याला भिडतो, तिथे भरपूर.

मग ते वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत जाणारी, एक पिक्सेल रुंदीची नागमोडी वाट शोधतं. हीच सीम. प्रत्येक ओळीतला एकच पिक्सेल घ्यायचा आणि पुढच्या ओळीत सरळ खाली किंवा तिरकं एकच घर सरकायचं, एवढाच नियम. अशा अगणित वाटांतून सर्वांत कमी ऊर्जेची वाट निवडायची असते. सगळ्या तपासत बसावं लागत नाही. वरून एकेक ओळ उतरताना प्रत्येक पिक्सेल आपल्या वरच्या तिघांतला सर्वांत स्वस्त निवडतो आणि त्यात स्वतःची ऊर्जा मिळवतो. शेवटच्या ओळीत सर्वांत लहान बेरीज जिथे आली, तिथून उलट वर गेलं की वाट सापडते.

ती वाट काढून टाकली की फोटो एका पिक्सेलने अरुंद होतो. पुन्हा मोजणी, पुन्हा वाट. 3000 बाय 2000 पिक्सेलचा फोटो चौकोनी करायचा तर हे 1000 वेळा होतं. फोटो रुंद करताना उलटं: कमी ऊर्जेच्या बऱ्याच वाटा एकदम निवडून प्रत्येकीशेजारी नवे पिक्सेल भरले जातात. एकेक निवडली, तर तीच वाट पुन्हा पुन्हा सापडून तिथे पट्टा उमटेल.

यात आजोबा कोण, हे सॉफ्टवेअरला कुठेच कळलेलं नाही. त्याच्या लेखी गुळगुळीत गाल आणि गुळगुळीत वाळू सारखीच. उलट मागे गवत किंवा दाट पानं असली, तर प्रत्येक पात्यागणिक ऊर्जा वाढते, गवत मौल्यवान ठरतं आणि चेहरा कातरला जातो. अंधारात काढलेल्या फोटोतल्या रवाळपणानेही आकाश असंच 'महत्त्वाचं' होऊन बसतं.

आता प्रत्यक्ष काम. मूळ फाइल बाजूला ठेवून प्रत उघडा आणि आधी साधी कात्री चालवा. दोन्ही कडांची फालतू जागा कापून 3000 चे 2600 झाले, तर सीमनी काढायचे फक्त 600 उरतात. रुंदीच्या पाव भागापलीकडे या पद्धतीला ताणू नये, असं माझं मत. माणसांची गर्दी कडेपासून कडेपर्यंत असेल, तर हा नादच सोडावा.

नंतर राखणीचा मुखवटा, म्हणजे मास्क: 'इथे हात लावू नकोस' असं सांगणारा रंगवलेला भाग. फोटोशॉपमध्ये माणसं सिलेक्ट करून 'सेव्ह सिलेक्शन'ने तो भाग चॅनल म्हणून जतन करा. गिंपच्या प्लगइनमध्ये राखायच्या आणि काढायच्या भागांसाठी वेगवेगळे थर रंगवता येतात. रंगवताना सावल्या आणि ओल्या वाळूतली प्रतिबिंबं हमखास विसरली जातात. मग आजोबा धडधाकट राहतात आणि त्यांची सावली मधेच तुटते.

फोटोशॉपमध्ये 'एडिट' मेनूतला 'कन्टेन्ट-अवेअर स्केल' हा पर्याय फिका दिसत असेल, तर खालचा 'बॅकग्राउंड' थर कुलूपबंद आहे. त्यावर दोनदा क्लिक करून त्याचा साधा थर करा. वरच्या पट्टीत 'प्रोटेक्ट'समोर आपला जतन केलेला चॅनल निवडा. शेजारचं माणसाचं चिन्ह त्वचेचे रंग ओळखून वाचवतं, पण वाळूही त्याच रंगाची असते, तेव्हा किनाऱ्यावर त्याच्या भरवशावर राहू नका. रुंदी-उंचीमधली साखळी सोडवा, नाहीतर दोन्ही एकदम बदलतील. मग बाजूची कड सावकाश आत ओढा.

गिंप 3 वापरत असाल तर एक अडचण येईल: त्यात प्लगइनची रचनाच बदलली आहे, त्यामुळे 2.10 साठीची जुनी फाइल तिथे चालत नाही. आदेश टाइप करून काम करणाऱ्यांना इमेजमॅजिकमध्ये 'लिक्विड-रिस्केल' मिळतं. तिथे मापापुढे उद्गारचिन्ह द्यायला विसरलात, तर मूळ प्रमाणच कायम राहतं आणि काही घडलंच नाही असं वाटतं.

आता फोटो पूर्ण मोठा करून रेषा तपासा. रुंदी कमी केली असेल तर खांब आणि दाराच्या चौकटी वाकड्या होतात. उंची कमी केली असेल तर क्षितिज पायऱ्यांसारखं मोडतं. तिरक्या रेषा दोन्हीकडून मार खातात. फोटोशॉपमध्ये 'अमाउंट' 100 वरून खाली आणला की साधं दाबणं थोडं मिसळतं आणि मोडतोड सौम्य होते. माणसं किंचित बारीक होतील, पण खांब सरळ राहील.

फलकावर अक्षरं असतील तर ती मुखवट्यात घ्याच. नाहीतर रुंदी घटवताना काना वाकतो आणि उंची घटवताना शिरोरेखा. लग्नाच्या किंवा वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी आधी फोटोचा आकार पक्का करावा, मजकूर त्यानंतर टाकावा.

बातमीसाठी किंवा जागेच्या वादात पुरावा म्हणून द्यायच्या फोटोवर हे साधन वापरू नका: त्यातली अंतरं आता खरी राहिलेली नसतात. घरच्या फ्रेमसाठी मात्र शेवटी छपाईच्या मापाला साधं रिसाइझ करा. आठ इंची चौकोनाला 300 डीपीआयने 2400 पिक्सेल लागतात. आपल्याकडे 2000 आहेत, म्हणजे इंचाला 250, आणि भिंतीवरच्या फोटोला तेवढे चालतात.