परदेशी प्रशिक्षणाची वाट (भाग ६) : निवड झाली, आता पैशांचं काय?

मागच्या भागात आपण प्रशिक्षण कसं निवडायचं आणि अर्ज कुठे करायचा ते पाहिलं. आता पैशांकडे वळू. बचत गट, पाणलोट, सेंद्रिय शेती किंवा गावआरोग्याच्या कामात दहा-पंधरा वर्षं मुरलेल्या कार्यकर्त्याची परदेशातल्या प्रशिक्षणासाठी निवड होते. निवडीचं पत्र येतं, संस्थेत पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न उभा राहतो, विमानाचं तिकीट कोण काढणार? लायक माणसांच्या कितीतरी जागा याच प्रश्नापाशी हातच्या जातात. आधीपासून तयारी केली, तर हे बरंचसं टाळता येतं.

पहिली गोष्ट म्हणजे चुकीच्या दारात वेळ घालवू नका. परदेशी शिक्षणासाठी मदत म्हटलं की आपल्याकडे जे. एन. टाटा एन्डोमेंट, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती, राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही नावं पुढे येतात. या योजना मोलाच्या आहेत. टाटा एन्डोमेंट तर १८९२पासून चालू आहे आणि तिची मदत कर्जाच्या रूपात मिळते. पण हा सगळा पैसा मुख्यतः पदव्युत्तर पदवी किंवा पीएचडीसाठी असतो. तीन आठवड्यांच्या किंवा नऊ महिन्यांच्या बिनपदवीच्या प्रशिक्षणाला तो सहसा मिळत नाही. ब्रिटनची शेवनिंग शिष्यवृत्तीही एका वर्षाच्या मास्टर्ससाठीच आहे. कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचा पैसा वेगळ्या वाटेने येतो आणि त्या वाटेची सुरुवात बहुतेक वेळा प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्याच दारातून होते.

दोन उदाहरणं पाहू. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात अँटिगोनिश नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाने १९२८मध्ये विस्तार विभाग सुरू केला आणि मोझेस कोडी हे धर्मगुरू त्याचे संचालक झाले. मच्छीमार, खाणकामगार आणि शेतकरी यांची अभ्यास मंडळं भरवायची, त्यांतून पतसंस्था आणि सहकारी संस्था उभ्या करायच्या, अशी त्यांची पद्धत होती. प्रवरानगरचा सहकार ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ती परकी वाटणार नाही. कोडी यांच्या नावाची संस्था १९५९मध्ये याच विद्यापीठात सुरू झाली. जगभरातले समाजकार्यकर्ते तिथे शिकायला जातात आणि अहमदाबादच्या 'सेवा' या महिलांच्या संघटनेशीही तिचं जुनं नातं आहे. गावाकडे काय नाही याची यादी करण्याआधी काय आहे ते मोजायचं आणि त्यावर विकास उभारायचा, ही तिथली ओळखीची शिकवण.

दुसरं उदाहरण जपानचं. टोकियोच्या उत्तरेला तोचिगी प्रांतात एशियन रूरल इन्स्टिट्यूट आहे. तोशिहिरो ताकामी यांनी ती १९७३मध्ये स्थापन केली आणि १९९६मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एप्रिल ते डिसेंबर असे नऊ महिने आशिया, आफ्रिकेतले ग्रामीण कार्यकर्ते तिथे एकत्र राहतात, सेंद्रिय शेती करतात, स्वतः पिकवलेलं खातात आणि नेतृत्वाचे धडे घेतात. तिथे एकट्यादुकट्याला प्रवेश नाही. तुम्हाला तुमच्या संस्थेने पाठवलेलं असावं लागतं आणि शिकून तुम्ही तिथेच परतणार, ही अट असते.

अशा संस्थांकडे देणगीदार, चर्च किंवा सरकारांकडून आलेला शिष्यवृत्तीचा पैसा असतो. त्यामुळे प्रवेशाच्या अर्जासोबतच शिष्यवृत्तीचा अर्ज भरा आणि "यात नेमकं काय काय येतं?" हे लेखी विचारा. पुष्कळदा शिकवणीचं शुल्क, राहणं आणि जेवण त्यात येतं. विमानभाडं, व्हिसा आणि विमा मात्र आपल्याकडे राहतो. उरलेली ही दरी भरणं हेच आपलं खरं काम.

ती दरी किती रुंद आहे हे कागदावर मांडल्याशिवाय कुणाकडेही जाऊ नका. कॅनडाचं उदाहरण घेऊ. ३६ पानी साधा पासपोर्ट १५०० रुपयांत होतो. अभ्यासक्रम सहा महिन्यांपेक्षा कमी असेल, तर स्टडी परमिट लागत नाही, व्हिजिटर व्हिसा चालतो. त्याचं शुल्क १०० कॅनेडियन डॉलर, बोटांच्या ठशांचे आणखी ८५, म्हणजे मिळून साधारण अकरा-बारा हजार रुपये झाले. व्हिसा नाकारला गेला, तरी हे व्हिसाशुल्क परत मिळत नाही. शिवाय ठसे द्यायला व्हिसा केंद्र असलेल्या शहरात जावं लागतं, तो खर्च धरा. हॅलिफॅक्स विमानतळापासून अँटिगोनिश रस्त्याने सुमारे दोन तासांवर आहे, ते भाडंही धरा. मुंबईहून जाण्यायेण्याचं विमानभाडं लाखाच्या पुढेच जातं. आरोग्यविमा, गरम कपडे, हातखर्च यांच्या वेगळ्या ओळी घाला.

शेवटची ओळ बहुतेक जण लिहीतच नाहीत. ती म्हणजे मागे राहिलेल्या घराचा खर्च. तीन महिने कार्यकर्ता नसेल तेव्हा मानधन चालू राहणार का? मुलांना, सासूसासऱ्यांना कोण पाहणार? त्यासाठी मदतनीस ठेवली, तर तिला काय द्यायचं? तळमळीने काम करणाऱ्या अनेक बायका या एका ओळीसाठी जागा सोडून देतात आणि खरं कारण कुणाला सांगत नाहीत. अंदाजपत्रकात ही ओळ लिहायला लाजू नका, ठळक लिहा.

मग दरी भरायला निघा. सगळी रक्कम एकाच ठिकाणाहून मागण्यापेक्षा एकेक खर्च एकेकाकडे मागा. "दीड लाख द्या" म्हटलं की समोरचा विचारात पडतो. "विमानाचं तिकीट तुम्ही काढा, विमा रोटरी क्लब भरतोय, मानधन संस्था चालू ठेवतेय" असं सांगितलं, की त्याला आपला वाटा स्पष्ट दिसतो. सुरुवात आपल्या संस्थेपासूनच करा. तिने पाच-दहा हजार रुपये जरी घातले, तरी बाहेरच्या देणगीदाराचा विश्वास वाढतो. त्यानंतर तालुक्यातला रोटरी किंवा लायन्स क्लब, सहकारी बँक, साखर कारखाना, जिल्ह्यातले उद्योजक आणि परगावी गेलेले गावकरी. रोटरीची शांतता शिष्यवृत्तीही माहीत असू द्या. युगांडातल्या मकेरेरे विद्यापीठासारख्या ठिकाणी अनुभवी कार्यकर्त्यांसाठी तिचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतो आणि त्याचा खर्च रोटरी फाउंडेशन उचलतं. जपानच्या जायका या सरकारी संस्थेची प्रशिक्षणंही पूर्ण खर्चाची असतात, पण तिथे नाव साधारणपणे सरकारी खात्यामार्फत जातं. कृषी, पाणीपुरवठा किंवा आरोग्य खात्यात असाल, तर वरिष्ठांकडे चौकशी करा.

मागणीचं पत्र कसं असावं? नमुन्यादाखल दोन परिच्छेद देतो. पहिला असा: "मी गेली अनेक वर्षे महिला सक्षमीकरणाच्या क्षेत्रात कार्यरत असून, सदर प्रशिक्षणामुळे माझ्या ज्ञानात मोलाची भर पडेल." दुसरा असा: "आमच्या चाळीस बचत गटांपैकी निम्म्या गटांचं कर्ज आजारपणात आणि घरखर्चात संपतं, व्यवसायापर्यंत पोहोचत नाही. गटाकडची कौशल्यं आणि साधनं मोजून त्यातून व्यवसाय उभारण्याची पद्धत मला शिकायची आहे. परतल्यावर सहा महिन्यांत दहा गटांसोबत ती वापरेन आणि शेजारच्या दोन संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी तीन दिवसांचं शिबिर घेईन." पहिल्या परिच्छेदातली बाई कोणीही असू शकते. दुसरीच्या हाती पैसे दिले, तर त्याचं पुढे काय होणार हे देणाऱ्याला आजच कळतं. दुसऱ्या पत्राला विश्वस्त मंडळाच्या ठरावाची प्रत जोडा. त्या ठरावात रजा, मानधन आणि परतल्यावरची जबाबदारी या तिन्ही गोष्टी असाव्यात. हाच कागद पुढे व्हिसाच्या अर्जातही कामाला येतो, कारण खर्च कोण करतंय आणि तुम्ही परत येणार का, हे दोन्ही प्रश्न तिथे विचारले जातात.

आता कायद्याच्या चार गोष्टी. २०२०च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, म्हणून पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेकडून त्या खात्यातल्या पैशांची अपेक्षा ठेवू नका. सरकारी नोकरांना आणि सरकारी मालकीच्या महामंडळांच्या कर्मचाऱ्यांना परदेशी यजमानांच्या खर्चाने जायचं असेल, तर केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. देणग्या शक्यतो संस्थेच्या खात्यावर घ्या. तुमच्या वैयक्तिक खात्यावर नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षाला ५० हजारांहून जास्त रक्कम भेट म्हणून आली, तर ती करपात्र ठरते. ट्रस्टने परदेशात केलेला खर्च आयकराच्या हिशेबात धर्मादाय कामाचा धरला जाईल का, हे सीएला आधीच विचारून घ्या.

आणखी एक सावधगिरी. अर्जच केलेला नसताना अमेरिका-कॅनडातल्या "आंतरराष्ट्रीय विकास परिषदे"साठी निवड झाल्याची ईमेल आली आणि नोंदणी किंवा हॉटेलचे पैसे आधी मागितले, तर ती फसवणूक समजा. खऱ्या संस्थेचा पत्ता आणि दूरध्वनी स्वतंत्रपणे शोधून खात्री करा. व्हिसा हातात येईपर्यंत परत न होणारं तिकीट काढू नका.

या सगळ्याला आठ-दहा महिने लागतात. म्हणून शेवटची विनंती संस्थाचालकांना आहे. गाड्या, इमारती आणि वर्धापनदिनासाठी आपण तरतूद करतो, तशीच एका कार्यकर्त्याच्या शिक्षणासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढा. विश्वस्त मंडळाच्या येत्या सभेत हा विषय घ्या, ठराव करा आणि पहिलं नाव गावात प्रत्यक्ष फिरणाऱ्या कार्यकर्त्याचं सुचवा.

(पुढील भागात : व्हिसाचा अर्ज आणि मुलाखतीची तयारी)