एका गुणाने नापास!

दहावीत एका गुणाने नापास झालेल्या पोराला घरचेच बोल लावतात. पालकहो, जरा थांबा! निकाल कितपत पक्का, हेही मोजता येते. समजा, १०० मुलांनी सारख्याच कठीण दोन प्रश्नपत्रिका सोडवल्या. दोन्हींत ६० पास, २० नापास; १० फक्त पहिलीत पास, १० फक्त दुसरीत. निकाल जुळला ८० जणांचा. पण नुसत्या योगायोगानेही ५८ (पास ४९, नापास ९) जुळले असते. जेकब कोहेन यांच्या १९६० सालच्या ‘कप्पा’ मापात हा योगायोग वजा होतो. उरलेल्या ४२ पैकी २२, म्हणजे जेमतेम ०.५२! इकडून तिकडे जाणारी मुले बहुधा काठावरचीच. तेव्हा उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मुदतीत भरा.