तू की तुम्ही? इंग्रजांच्या प्रार्थनेची साडेचार शतके

वाचकहो, उद्या घरच्या गणपतीपुढे तुमच्या नातवाने एक छापील कागद आणून ठेवला आणि म्हणाला, "आजी, आरतीतले निम्मे शब्द आम्हांला कळत नाहीत, म्हणून ही सोप्या मराठीतली आरती," तर तुम्ही काय कराल? नातवाचे म्हणणे खोटे नाही. बडोद्यात, इंदुरात, हैदराबादेत वाढलेल्या मुलांना ते शब्द खरोखरच कळत नाहीत. तरीही कागद घेताना तुमचा हात थोडा अडखळेल. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चपुढे हाच पेच साडेचारशे वर्षे उभा आहे. त्याची हकीकत आपल्यासारख्या, मुलखाबाहेर भाषा सांभाळून राहिलेल्यांनी समजून घ्यावी अशी आहे.

१५४९ पर्यंत तिथली उपासना लॅटिनमध्ये चाले. आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांनी ती इंग्रजीत आणली. बरेचसे जुन्या लॅटिनमधूनच घेतले, पण वाक्ये अशी बसवली की ती मोठ्याने म्हणताना श्वास बरोबर जागच्या जागी पडावा. हे 'बुक ऑफ कॉमन प्रेअर' त्या वर्षीच्या ९ जूनला, पेन्टेकॉस्टच्या रविवारी, कायद्याने देशभर लागू झाले. दुसऱ्याच दिवशी डेव्हन परगण्यातल्या सॅम्पफर्ड कोर्टनी गावच्या लोकांनी आपल्या पाद्र्याला जुनी लॅटिन उपासना पुन्हा करायला लावली. बंड पसरले, सरकारने भाडोत्री परदेशी फौजही आणली आणि हजारो माणसे मारली गेली.

बंडवाल्यांच्या मागण्यांत एक मोठी विलक्षण होती. आमच्यातल्या कॉर्नवॉलच्या काही लोकांना इंग्रजी येत नाही, म्हणून ही नवी इंग्रजी उपासना आम्हांला नको, असे ते म्हणत. क्रॅनमर यांनी उत्तरात विचारले की तुमच्यात लॅटिन जाणणारे इंग्रजी जाणणाऱ्यांहून जास्त आहेत काय? तर्काने ते बिनतोड होते. पण मला वाटते त्यांनी प्रश्नच चुकीचा ऐकला. त्या लोकांना लॅटिन समजत नव्हते, तरी ते त्यांचे होते. आजोबांच्या अंत्यविधीला तेच सूर कानांवर पडले होते. इंग्रजी मात्र न समजणारीही होती आणि परकीही.

शेजारच्या वेल्समध्ये वेगळे घडले. तिथल्यासाठी १५६३ मध्ये कायदा झाला आणि १५६७ मध्ये वेल्श भाषेतले प्रार्थनापुस्तक व नवा करार छापून निघाला. १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन यांचे संपूर्ण बायबल आले. दर रविवारी शेतकऱ्यापासून जमीनदारापर्यंत सारे चांगली वेल्श ऐकू लागले. कॉर्निश भाषेला असे पुस्तक कधी मिळालेच नाही, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ती घरांतूनही जवळजवळ नाहीशी झाली. वेल्श आज जिवंत आहे. हे एकाच कारणाने झाले असे कोणी म्हणणार नाही, पण देवापुढे जी भाषा उभी राहते तिला घरातही मान राहतो, एवढे खरे.

पुढे पुस्तकात फेरफार होत गेले आणि १६६२ ची आवृत्ती जवळजवळ तीन शतके टिकली. ती कायद्याचा भाग असल्यामुळे बदलायची तर पार्लमेंटची संमती लागे. चर्चने तयार केलेली सुधारित आवृत्ती १९२७ च्या डिसेंबरात लॉर्ड्सनी मान्य केली, पण कॉमन्सनी २३८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळली. पुढच्या जूनमध्ये ती पुन्हा मांडली आणि पुन्हा पडली. प्रार्थनेचे शब्द मतदानाने ठरावेत हे आपल्याला चमत्कारिक वाटते, आणि ते तसे आहेही.

शब्दांवर हे रण चालू असताना खरा बदल दुसरीकडून आला. रविवारी अकरा वाजता मोठी मंडळी 'सकाळच्या प्रार्थने'ला जमे आणि प्रभुभोजन आठ वाजता, मूठभर लोकांत, गुपचूप उरके. गॅब्रिएल हीबर्ट यांनी १९३५ च्या 'लिटर्जी अँड सोसायटी' या पुस्तकातून आणि नंतरही सांगितले की प्रभुभोजन हेच साऱ्या मंडळीचे मुख्य काम आहे. हळूहळू गावोगावी वेळ बदलली. पुढे वेदीही लोकांजवळ आली आणि पाद्री त्यांच्याकडे तोंड करून उभा राहू लागला.

या कामात आपल्या देशाचा हात आहे, तो सहसा सांगितला जात नाही. जॅक विन्स्लो हे अहमदनगरला आलेले अँग्लिकन मिशनरी. हिंदी मंडळीने इंग्रजी पुस्तकाचे भाषांतर का म्हणावे, असे त्यांनी १९२० मध्ये लिहिले. सिरियन परंपरेचा आधार घेऊन एक नवा उपासनाविधी तयार झाला आणि मुंबईचे बिशप पामर यांनी तो वापरून पाहण्यास परवानगी दिली. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये काढलेला ख्रिस्त सेवा संघ पुढे पुण्यास आला. तिथे खादी नेसून, जमिनीवर बसून उपासना चाले.

नंतर १९४७ मध्ये दक्षिण भारतात अँग्लिकन व इतर मंडळ्या एक झाल्या आणि १९५० मध्ये त्यांचा प्रभुभोजनविधी निघाला. त्यात शांतीची देवघेव होती. एकाने उजवा तळहात दुसऱ्याच्या उजव्या तळहाताला लावायचा आणि डाव्या हाताने दुसऱ्याचा उजवा हात झाकायचा. ही रीत केरळच्या सिरियन ख्रिस्त्यांची. तिथून स्फूर्ती घेऊन शांतीची देवघेव इंग्लंडच्या चर्चमध्ये गेली, आणि शेजाऱ्याशी हवापाण्यापलीकडे न बोलणाऱ्या माणसांना भर उपासनेत एकमेकांचे हात धरावे लागले. पुष्कळांना ते अजूनही अवघड जाते.

भाषेचा प्रश्न १९७३ मध्ये ऐरणीवर आला. त्या वर्षीच्या नव्या प्रभुभोजनविधीत देवाला 'दाऊ' ऐवजी 'यू' म्हटले गेले. मराठी माणसाला यातली गंमत चटकन कळेल. 'दाऊ' म्हणजे मुळात आपला 'तू', सलगीचा. व्यवहारातून तो गेला, फक्त प्रार्थनेत उरला, आणि म्हणूनच लोकांना तो अति आदराचा वाटू लागला. उद्या विठोबाला कोणी "अहो, तुम्ही या" म्हणू लागला तर आपल्याला हसू येईल. त्यांचे दुःख नेमके उलटे होते. देवाशी आता दुकानदाराशी बोलतो तसे बोलायचे काय, असे ते विचारत. १९७९ मध्ये 'पी एन रिव्ह्यू' या वाङ्मयीन नियतकालिकाने यावर खास अंक काढला. साहित्य आणि कलाक्षेत्रातल्या अनेकांनी जुन्या पुस्तकाच्या बाजूने सह्या केल्या. त्यांपैकी काही चर्चला क्वचितच जात. सुधारकांनी त्यांची थट्टा केली, आणि ती अगदीच गैर नव्हती. जी भाषा आपण बोलत नाही ती दुसऱ्यांनी जपावी, ही मागणी सोयीची असते. तरी नव्या मसुद्यांतली काही वाक्ये सरकारी परिपत्रकासारखी झाली होती, हेही खरेच.

मार्ग निघाला तो आपल्या ओळखीचा आहे. १९७४ च्या कायद्याने चर्चला स्वतःचे उपासनाविधी ठरवण्याचा अधिकार मिळाला, मात्र १६६२ चे पुस्तक उपलब्ध राहिलेच पाहिजे या अटीवर. १९८० चे पर्यायी पुस्तक वीस वर्षे चालले. २००० मध्ये आलेल्या 'कॉमन वर्शिप' मध्ये प्रभुभोजनाचे दोन विधी आहेत आणि दोन्ही जुन्या व नव्या अशा दोन्ही भाषांत दिले आहेत. प्रभूची प्रार्थनाही दोन रूपांत छापलेली असते. एरवी सगळी उपासना नव्या इंग्रजीत म्हणणाऱ्या कितीतरी मंडळ्या त्या जागी आल्या की पुस्तकातून डोळे वर करतात आणि जुनीच म्हणतात.