पास्ता बदनाम, सॉसेज मोकळं

पुण्यातल्या पुष्कळ घरांत रविवारी रात्री स्वयंपाकाचा कंटाळा आला की पास्ता उकडतात, फ्रीझरमधली चिकन सॉसेजेस चिरून परततात आणि वर चीज किसतात. ‘मैदाच तो’ म्हणून नावं ठेवली जातात ती पास्त्याला. ‘मुलांना प्रोटीन तरी मिळतं’ म्हणून सॉसेज सुटतं. हा निवाडा मला उलटा वाटतो.

चांगला सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. हा गहू परका नाही. आपल्याकडचा बन्सी तो हाच. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘एमएसीएस 4028’ या ड्युरम वाणात सुमारे 14.7 टक्के प्रथिनं आहेत. रव्यातून कोंडा गेलेला असल्यामुळे तंतू कमी, हे खरं. पण पास्त्यातला स्टार्च प्रथिनांच्या जाळ्यात घट्ट अडकलेला असतो. त्यामुळे फार गाळ न शिजवलेला पास्ता पावापेक्षा सावकाश पचतो. स्वस्त पाकिटांत मैदाही असतो, म्हणून घटकांची यादी वाचावी. वजनाचं म्हणाल तर 100 ग्रॅम सुक्या पास्त्यात साधारण 350 कॅलरी असतात. चीज, क्रीमचा हिशेब वेगळा.

आता सॉसेज. ‘चिकनचं आहे, म्हणजे हलकं’ हा समज सर्वांत पक्का. खारवून, नायट्राइट घालून टिकवलेलं चिकनही प्रक्रिया केलेलं मांसच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये अशा मांसाला कर्करोगकारक गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. रोज 50 ग्रॅम, म्हणजे साधारण एक हॉटडॉग खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. तंबाखूही याच गटात आहे, पण म्हणून दोन्ही सारखेच घातक ठरत नाहीत; गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचं प्रमाण नाही. महिन्यातून एखाद्या वेळी खाल्लं म्हणून कोणी घाबरू नये. डब्यात रोज देणं मात्र थांबवावंच.

उकळल्याने मीठ निघून जातं, हेही अर्धंच खरं. थोडं पाण्यात उतरतं, पुष्कळ आतच राहतं. लेबलवर 100 ग्रॅमला 800 मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते 2 ग्रॅम मीठ झालं. मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा 5 ग्रॅमच्या आत आहे, लहान मुलांची त्याहून कमी.

प्रथिनंच हवी असतील तर त्याच पास्त्यात उकडलेलं अंडं, छोले किंवा घरी शिजवलेलं चिकन घाला. सोबत मटार, टोमॅटो, ढोबळी मिरची. आणि लहानग्यांना सॉसेज द्यायचंच असेल, तर गोल चकत्या नकोत. त्या घशात अडकतात. आधी उभे चार भाग करून मग बारीक चिरा.