कोडसाठीची टूल्स आणि ऑब्जेक्ट डेटाबेस

डेटाबेस म्हटला की सॉफ्टवेअर शिकणाऱ्या आपल्या तरुणांना टेबल आणि एसक्यूएल आठवते. साहजिकच आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडले आणि बँका, पगारपत्रके, तिकीट आरक्षण यांना ते चपखल बसले.

पण कोड लिहायला मदत करणाऱ्या टूलची माहिती वेगळी असते. या फंक्शनला कोण बोलावते, त्यांना पुन्हा कोण बोलावते, असे पाच पायऱ्या मागे जायचे तर जुन्या एसक्यूएलमध्ये पाच वेळा जॉइन करावे लागत. ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये प्रत्येक वस्तू दुसरीचा दुवा स्वतःजवळच ठेवते. बोट धरून पुढे जायचे, इतकेच. शिवाय बँकेचा व्यवहार क्षणात संपतो, तर प्रोग्रामरचा बदल आठवडाभर चालू असतो. तेवढा वेळ कुलूप लावून कसे चालेल? म्हणून आवृत्त्या सांभाळण्याची सोय लागते, आणि अमेरिकेतल्या ‘ओरायन’सारख्या प्रणालींनी ती १९८० च्या दशकातच दिली होती.

मग हे डेटाबेस मागे का पडले? आमच्या मते खरी अडचण वेगाची नव्हतीच. वस्तूची रचना बहुधा एका प्रोग्रामिंग भाषेला बांधलेली असे. टूल मात्र अनेक असतात, वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या भाषांत लिहिलेली. क्लास बदलला की आधी साठवलेल्या हजारो वस्तूंचे काय करायचे, हीसुद्धा डोकेदुखी. ‘ओडीएमजी’ गटाने १९९३ मध्ये सामायिक मानक आणले, पण २००१ मध्ये तो गटच विसर्जित झाला. दरम्यान एसक्यूएलच्या १९९९ च्या मानकात रिकर्सिव्ह क्वेरी आली आणि ती पाच पायऱ्यांची तक्रारही बोथट झाली.

कल्पना मात्र मेली नाही. २००५ मध्ये आलेले गिट आतून वस्तूंचेच कोठार आहे: ब्लॉब, ट्री, कमिट आणि टॅग. त्यात क्लास नाहीत, इनहेरिटन्स नाही. प्रत्येक वस्तूची ओळख तिच्या मजकुरावरून काढलेल्या हॅशने ठरते. त्यामुळे कोड जावाचा असो की पायथनचा, गिटला फरक पडत नाही.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी कोड तपासणारे टूल करणार असाल, तर आम्ही एसक्यूलाइट आणि रिकर्सिव्ह क्वेरीने सुरुवात करायला सांगू. टूल एकच, भाषा एकच आणि दुवे फार खोल असतील, तर ऑब्जेक्ट डेटाबेस जरूर वापरून पाहा. फक्त पहिल्याच आठवड्यात एक क्लास मुद्दाम बदला आणि जुनी माहिती उघडते का ते बघा.