मिस मारणारा जुना ट्रक: आधी मोजा, मग हेड खोला

जुना ट्रक मिस मारू लागला की मालकाच्या पोटात गोळा येतो. गाडी उभी राहिली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही, आणि गॅरेजमध्ये पहिलेच वाक्य कानावर पडते, "हेड उतरवावं लागेल." कधी ते खरे असते, पण बऱ्याचदा ते मोजमाप न करताच बोललेले असते. खरे काय ते सांगणारी कम्प्रेशन टेस्ट अर्ध्या दिवसात होते, तरीही तिच्याबद्दल गैरसमजच जास्त आहेत. इथे आपण मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल गाड्यांबद्दल बोलू: टाटा 1612 मधले 697 इंजिन (6 सिलिंडर, 97 मिमी बोअर, 5,675 सीसी) किंवा 407 मधले 4 सिलिंडरचे इंजिन.

गैरसमज 1: मिस मारते म्हणजे इंजिन कामाला आले.

वस्तुस्थिती: मिस मारणे म्हणजे एखादा सिलिंडर आपल्या वाट्याचे काम करत नाही, एवढेच. डिझेल लाइनने हवा घेतली, फिल्टर चोंदला, नोझल टपकू लागले किंवा टॅपेट बिघडले, तरी आवाज तसाच येतो. म्हणून आधी स्वस्तातली कामे उरकावीत. फिल्टर पाहावा, हँड प्राइमर मारून हवा काढावी, टॅपेटला फिलर गेज लावावा.

मग सिलिंडर शोधावा. इंजिन आयडलवर ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करायचा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन लगेच अडखळते. ज्याचा सैल केल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तोच सिलिंडर झोपलेला आहे. नटावर कापड धरा आणि उघडा हात फवाऱ्यासमोर नेऊ नका, कारण दाबाखालचे डिझेल कातडीत शिरते. कॉमन रेलच्या नव्या गाड्यांवर हा प्रयोग कधीच करू नये. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो आणि जिवावर बेतू शकते.

गैरसमज 2: नवे नोझल टाकले की मिसिंग जाते.

वस्तुस्थिती: डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येताना हवा साधारण 16 ते 18 पट दाबली जाते, ती 500 अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या उष्णतेवरच डिझेल पेटते. सिलिंडर गळत असेल तर दाबाबरोबर ही उष्णताही निघून जाते. मग नोझल कितीही नवे असो, डिझेल अर्धवट जळते आणि सायलेन्सरमधून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो.

याचा अर्थ नोझल तपासूच नये, असा नाही. कम्प्रेशन टेस्टसाठी नोझल काढावीच लागतात. तेवढ्यात ती पंपवाल्याकडे देऊन उघडण्याचा दाब, फवारा आणि टपकणे तपासून घ्यावे. एका खोलण्यात दोन निदाने होतात.

गैरसमज 3: गेज लावला, सेल्फ मारला, झाली टेस्ट.

वस्तुस्थिती: घाईने घेतलेला आकडा नसलेल्या आकड्यापेक्षा वाईट, कारण त्यावर विसंबून खर्च होतो. पेट्रोल गाडीचा गेज इथे चालत नाही. पेट्रोल इंजिनात साधारण 10 ते 12 बार दाब असतो, डिझेलमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे डिझेलचाच गेज आणि नोझलच्या जागी घट्ट बसणारा अडॅप्टर हवा.

इंजिन चालवून गरम करावे. बॅटरी पूर्ण चार्ज असावी, कारण सेल्फ हळू फिरला तर चांगला सिलिंडरही कमी आकडा दाखवतो. एअर फिल्टर चोंदलेला असेल तर काढावा. स्टॉप केबल ओढून डिझेल बंद करावे आणि सगळी नोझल काढावीत. अडॅप्टरखाली तांब्याचे नवे वॉशर टाकावे. जुन्या वॉशरमधून गळती झाली तर ती सिलिंडरच्या नावावर जमा होते. प्रत्येक सिलिंडरला सेल्फ सारखाच वेळ मारावा आणि काटा कसा चढतो ते पाहावे. चांगला सिलिंडर पहिल्याच धक्क्यात बराच वर जातो आणि लवकर स्थिरावतो. काटा रेंगाळत चढला तर गळतीचा संशय घ्यावा.

गैरसमज 4: आकडा मोठा असला की इंजिन चांगले.

वस्तुस्थिती: जुन्या डिझेल इंजिनात 25 ते 32 बार (अंदाजे 360 ते 460 पीएसआय) हा सर्वसाधारण पट्टा. 20 बारच्या आसपास उतरल्यावर थंडीत गाडी सुरू होताना कुरकुर करते. नेमका आकडा मात्र त्या इंजिनाच्या मॅन्युअलचाच धरावा.

मिसिंग शोधताना एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो. समजा, सहा सिलिंडरचे आकडे 27, 28, 27, 19, 18, 27 असे आले. चौथा आणि पाचवा शेजारी-शेजारी आहेत आणि दोघेही सारखेच पडलेत. दोन्ही ठिकाणच्या रिंगा एकाच वेळी गेल्या असे मानण्याआधी मधला हेड गॅस्केट फुटला असावा, हा संशय घ्यायला हवा. सहाही सिलिंडर 21 दाखवत असतील तर गोष्ट निराळी. तिथे आधी बॅटरी आणि एअर फिल्टर पुन्हा पाहावेत. ते ठीक असतील तर सगळे इंजिन सारखे झिजले आहे. अशी गाडी ओढायला कमी पडेल, उशिरा सुरू होईल, पण एका ठेक्यात मिस मारण्याचे कारण बहुधा दुसरीकडे सापडेल.

गैरसमज 5: कम्प्रेशन कमी म्हणजे रिंगाच गेल्या.

वस्तुस्थिती: रिंगा हे एक कारण. व्हॉल्व्ह जळलेला असू शकतो, हेडला चीर असू शकते, गॅस्केट गेलेला असू शकतो. सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे आवळलेला टॅपेट. आवाज नको म्हणून टॅपेट जास्त कसला जातो, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो. सेटिंग बरोबर केल्यावर तोच सिलिंडर पुन्हा मोजावा. आकडा वर आला, तर हेडला हात लावायची गरज नाही. मात्र फार दिवस तसाच चालवला असेल तर व्हॉल्व्हची कड जळलेली असते.

पेट्रोल इंजिनात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. डिझेलमध्ये या युक्तीवर विसंबू नये. पिस्टनच्या वर जागाच इतकी थोडी असते की ऑइलने ती भरून आकडा फुगतो, आणि जास्त ऑइल पडले तर पुशरॉड किंवा कनेक्टिंग रॉड वाकण्याची भीती असते.

त्यापेक्षा हवेची परीक्षा भरवशाची. कमी आकडा दाखवणाऱ्या सिलिंडरचा पिस्टन कम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणावा. तिथे दोन्ही रॉकर सैल लागतात. मग नोझलच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडून कान द्यावा. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा किंवा लायनर, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडची चीर. गाडी गिअरमध्ये आणि चाकांना ओट लावूनच हे करावे. 97 मिमीच्या पिस्टनवर 5 बार हवा म्हणजे सुमारे 375 किलोचा जोर. इंजिन अचानक फिरले तर फॅनजवळचा हात जाईल.

गैरसमज 6: कम्प्रेशन ठीक आले म्हणजे टेस्ट वाया गेली.

वस्तुस्थिती: ठीक आलेला आकडा हेड उतरवण्याचा खर्च वाचवतो आणि शोध पंप, नोझल आणि डिझेल लाइनकडे वळवतो. अर्थात ही टेस्ट सगळेच दाखवत नाही. सेल्फवर इंजिन अगदी हळू फिरते. घाट चढताना व्हॉल्व्हची स्प्रिंग कमजोर पडते आहे का किंवा पंपाचा एखादा एलिमेंट डिझेल कमी देतो आहे का, हे गेजला कळत नाही. भाराखालीच मिस मारणाऱ्या गाडीत हे पुढचे टप्पे तपासावे लागतात.

मालकांना कळकळीने एवढेच सांगायचे आहे. हेड खोलायला होकार देण्याआधी प्रत्येक सिलिंडरचा आकडा मागा, टेस्टच्या वेळी शेजारी उभे राहा आणि तारीख व किलोमीटरसह ते आकडे गाडीच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच आकड्यांशी ताडून पाहिल्यावर कोणता सिलिंडर झिजतो आहे हे वेळेत कळेल आणि काम हंगामात गाडी अडण्याऐवजी तुमच्या सोयीने करता येईल. चांगल्या मिस्त्रीला अशा मागणीचा राग येत नाही, कारण आकडे समोर असले की त्याचेही काम एकदाच आणि नीट होते.